छतातलं झाड

काकांनी दगड कानाशी धरला आणि मधल्या बोटाच्या पेराने त्यावर दोनदा टकटक केलं. पुढच्या बाकावरची चष्मेवाली मुलगी वळून बघायला लागली. आत कुणी आहे का काका, असं तिच्या शेजारच्या लंबूने अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं आणि सगळी प्रयोगशाळा हसली. काकाही हसले. त्यांनी दगड ट्रेमध्ये परत ठेवला आणि वहीत लिहिलं: नमुना क्रमांक चार, वाळूखडक, कण मध्यम, रंग पिवळट, पक्का. 'पक्का' हा शब्द तक्त्यातल्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हता. मॅडम तो दर वेळी लाल पेनाने खोडायच्या, शेजारी काहीतरी शास्त्रीय लिहायच्या, पण गुण मात्र कापायच्या नाहीत.

भूशास्त्राच्या पहिल्या वर्षाला एकूण सतरा जण होते. त्यातल्या सोळा जणांच्या वयाची बेरीज करून तिला सोळाने भागलं तर एकोणीसही येत नव्हतं. सतरावे काका होते, वय वर्षं एकसष्ट. पहिल्या दिवशी त्यांना वर्गात शिरताना पाहून मुलं उठून उभी राहिली होती. त्यांना वाटलं, सर आले. काका सरळ मागच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर जे भाव उमटले, त्याची आठवण लंबू अजून अधूनमधून काढायचा.

निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं. प्रवेशाला वयाची अट नाही अशी सूचना वर्तमानपत्रात आली आणि काकांनी अर्ज भरला. घरी सांगितलं, वेळ जात नाही. मुलगा फोनवर हसला आणि म्हणाला, बाबा, आम्ही शाळेत होतो तेव्हा हा उत्साह कुठे होता. दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना काकूंनी दोनशे पानी दोन वह्या आणल्या आणि जेवणाच्या टेबलावर ठेवून दिल्या.

वेळ जात नाही हे खोटं नव्हतं. पण खरं कारण ते नव्हतं, आणि ते काकांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

काकांनी सगळी उमर कोळशाच्या खाणीत काढली. त्यातली पहिली नऊ-दहा वर्षं त्यांचं काम छत तपासायचं होतं. सुरुंगाचा धूर निवला की सगळ्यांच्या आधी एकट्याने पुढे जायचं, लांब लोखंडी सळईने डोक्यावरचं छत ठोकायचं आणि ऐकायचं. पक्कं छत खणखणीत बोलतं. सुटलेलं छत फुटक्या मडक्यासारखं भदभदतं. ते 'ठीक' म्हणाले की बाकीचे आत यायचे. खाणीत त्यांना सगळे 'ठोक्या' म्हणत आणि त्या नावाचा त्यांना मनातून अभिमान होता. ठोक्याने ठीक म्हटलं म्हणजे बिनघोर आडवं व्हावं, असं माणसं एकमेकांना सांगायची.

सव्वीस वर्षांपूर्वी एका सकाळी ते ठीक म्हणाले आणि पाच माणसं आत आली. त्यांतला एक काकूंचा धाकटा भाऊ होता, तेवीस वर्षांचा. तो काकांना भाऊजी म्हणायचा, पण खाली उतरल्यावर बाकीच्यांसारखा 'ठोक्या' म्हणायचा आणि मग जीभ चावायचा. काम सुरू होऊन अर्धा तास झाला असेल. छतातून एक दगड सुटला. ना आधी चर्र झालं, ना माती झरली, ना टेकू कुरकुरले. एकच दगड, आणि त्याखाली एकच माणूस.

चौकशी तीन दिवस चालली. अहवाल कचेरीच्या बाहेर फळ्यावर लावला होता, आणि त्यात काकांच्या वाट्याला एकच वाक्य आलं होतं: 'छताच्या तपासणीत त्रुटी राहिली असावी.' शिक्षा कुणी केली नाही. फक्त त्यांची बदली वर दिव्यांच्या खोलीत झाली. उरलेली सगळी वर्षं त्यांनी खाली जाणाऱ्यांना दिवे दिले आणि वर येणाऱ्यांकडून मोजून परत घेतले. ठोक्या हे नाव एका रात्रीत बंद झालं. ते कुणी ठरवून केलं नव्हतं, आणि तेच जास्त लागलं.

'राहिली' असं लिहिलं असतं तर काकांनी ते पदरात घेतलं असतं. 'राहिली नाही' म्हटलं असतं तर मान वर करून चालले असते. त्या 'असावी'चं काय करायचं, हे त्यांना कधी कळलं नाही. आवाज खणखणीत आला होता, हे त्यांना पक्कं आठवत होतं. पण हजार वेळा आठवलेल्या आवाजावर माणसाचा किती भरवसा ठेवायचा?

आणि घरात काकू होत्या. त्यांनी दोष दिला नाही, डोक्यात राख घालून घेतली नाही, माहेरी निघून गेल्या नाहीत. फक्त त्या दिवसापासून भावाचा उल्लेख त्यांच्या तोंडून कधी आला नाही. त्याचा फोटो कपाटात गेला. मुलाने लहानपणी एकदा मामाबद्दल विचारलं, तेव्हा त्या उठून मोरीवर गेल्या आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागल्या. काकांनी त्या गप्प राहण्याचा अर्थ पहिल्याच आठवड्यात लावला होता आणि पुढे तो बदलायचं कारण घडलं नाही. त्यांनी स्वतःहून विषय काढला नाही. काढून म्हणणार तरी काय होते?

नमुना क्रमांक सहापर्यंत सगळे पोचले असतील, तेवढ्यात मॅडम आणि शिपाई मिळून चाकाच्या ढकलगाडीवर काहीतरी जड घेऊन आले. मॅडम काकांच्या मुलापेक्षा दोनेक वर्षांनी लहान असतील. बोलताना खडू बोटांत फिरवायची त्यांना सवय होती, त्यामुळे त्यांच्या सगळ्या कपड्यांवर खिशापाशी पांढरा डाग असायचा. त्यांनी सांगितलं, की आज तक्ता राहू दे, कोठीत एक जुना नमुना सापडलाय, सगळ्यांनी जवळ या.

गाडीवर राखाडी रंगाचा एक गोल दगड होता. कमरेएवढा उंच, खाली पसरट, वर निमुळता होत गेलेला. बाजू विलक्षण गुळगुळीत होत्या आणि त्यांवर कुठे कुठे काळा, चकचकीत पापुद्रा चिकटलेला होता.

काका सगळ्यांत शेवटी आले. मुलांच्या डोक्यांवरून त्यांना तो दिसला आणि त्यांनी शेजारच्या टेबलाची कड धरली.

मॅडम सांगत होत्या. तीस कोटी वर्षांपूर्वी हे झाड एका दलदलीत उभं होतं. पूर आला, भोवती वाळू आणि गाळ साचत गेला आणि झाड उभ्याउभ्या पुरलं गेलं. आतला गाभा कुजला, त्या पोकळीत वाळू भरली, वाळूचा दगड झाला. सालीचा कोळसा झाला, कागदाएवढा पातळ. खालच्या दलदलीचाही कोळसा झाला. मग कोट्यवधी वर्षांनी माणसं आली आणि त्यांनी तो खालचा कोळसा काढून नेला. आता हा बुंधा कशावर उभा आहे? लंबू म्हणाला, कशावरच नाही. मॅडम म्हणाल्या, बरोबर, तो छतात अडकलाय, उलट्या बाटलीच्या बुचासारखा. खाली रुंद आहे म्हणजे खालून धरायला काही नाही, आणि बाजूची साल तेल लावल्यासारखी निसरडी. जोवर धरून आहे तोवर आहे. मग एका क्षणी सुटतो, अख्खाच्या अख्खा.

मुलं वाकून सालीवरचे खवले बघत होती. चष्मेवालीने हात लावू का म्हणून विचारलं. त्यावर चौकटी चौकटींची नक्षी होती, फार सुंदर. कुणीतरी फोटो काढला.

काकांना त्या दिवसाचं भोक दिसत होतं. दगड बाजूला सारून मेहुण्याला बाहेर काढल्यावर त्यांनी दिवा वर धरला होता. छतात एक गोल, गुळगुळीत भोक होतं, कंपासने काढल्यासारखं. चौकशीत त्यांना दगड केवढा होता ते विचारलं, कसा होता ते कुणी विचारलं नाही. आणि त्यांनीही सांगितलं नाही, कारण दगड गोल असण्याला काही अर्थ असेल हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"मॅडम," ते म्हणाले. "हा छतात असताना खालून ठोकलं, तर आवाज कसा येतो?"

मॅडमनी खडू फिरवायचं थांबवलं.

"मी फक्त वाचलंय, काका. अशा बुंध्याखाली मी कधी उभी राहिलेले नाही. पुस्तकात लिहिलंय की पुष्कळदा चांगला येतो, कळत नाही. तुम्ही खाणीत होता ना? तुम्हीच सांगा."

सोळा तरुण चेहरे त्यांच्याकडे वळले. काकांनी त्या दगडाकडे पाहिलं.

"खणखणीत येतो," ते म्हणाले. "घंटेसारखा."

मॅडमनी फळ्याकडे वळून, काकांनी सांगितलेलं सगळ्यांनी लिहून घ्या असं सांगितलं, आणि सोळा जणांनी खरोखर वह्या उघडून ते लिहून घेतलं. काका उभे राहून पेनांचा आवाज ऐकत होते.

तास संपल्यावर मुलं गेली. काका थांबले. मॅडमना त्यांनी थोडक्यात सगळं सांगितलं, अहवालातल्या त्या वाक्यासकट. मग मॅडमनी कपाटातून एक जाड पुस्तक काढलं, पान उघडलं आणि क्षणभर तसंच धरून ठेवलं.

पूर्ण सांगायचं तर आणखी एक गोष्ट आहे, असं त्या म्हणाल्या. सालीच्या कोळशाची बारीक काळी रेघ कधी कधी छतावर दिसते. गोल रेघ, बांगडीसारखी. छत स्वच्छ असेल आणि दिवा जवळ असेल तर.

काका पानावरच्या आकृतीकडे बघत राहिले. छत स्वच्छ नसायचं. कोळशाची धूळ पेटू नये म्हणून तिथे पांढरी भुकटी मारलेली असायची, भिंतीला आणि छतालाही. त्या दिवशी मारली होती का? बहुतेक मारली होती. पुसट गोल काही दिसलं होतं का? त्यांनी डोळे मिटले, पण त्या अंधारात आता हीच आकृती दिसत होती. खरं आणि छापलेलं वेगळं करता येईना.

"अशी रेघ बघायला तुम्हाला कुणी शिकवलं होतं?" मॅडमनी विचारलं.

"नाही. ठोकायला शिकवलं होतं."

"मग ते तुम्ही केलं."

त्यांनी पुस्तक काकांच्या हातात दिलं आणि घरी न्या, परत करायची घाई नाही, असं सांगितलं. काकांना त्यांचे आभार मानायचे होते. पण तोंडून निघालं ते भलतंच. ते म्हणाले, नमुना क्रमांक पाच आणि सहा माझे लिहायचे राहिलेत.

बसमध्ये त्यांनी पुस्तक मांडीवर ठेवलं आणि दोन्ही हातांनी धरून बसले. आपला थांबा मागे पडल्याचं त्यांच्या ध्यानात आलं नाही. पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्याजवळ सांगण्यासारखं काहीतरी होतं, आणि घर जवळ यायला लागलं तशी चाल मंदावत गेली.

काकू स्वयंपाकघरात खाली बसून मटार सोलत होत्या. दुपार कलली होती. खिडकीतून आलेलं ऊन त्यांच्या मांडीवरच्या ताटात पडलं होतं. चहा ठेवू का म्हणून त्यांनी विचारलं. काका नको म्हणाले आणि पायांतल्या चपलांसकट दारातच स्टुलावर बसले. हे कधी होत नसे. काकूंनी चपलांकडे पाहिलं, पण टोकलं नाही.

काकांनी सांगायला सुरुवात केली ती झाडापासून. दलदल, पूर, वाळू, साल. मग बुंधा आणि त्याचा निसरडेपणा. मध्येच पुस्तक उघडून आकृती दाखवली. मग भोक कसं होतं ते सांगितलं. मग आवाजाचं सांगितलं, आणि रेघेचंही सांगितलं, गाळलं नाही. इतकं सलग ते घरात कधी बोलले नव्हते. काकूंची बोटं शेंगा फोडत होती, दाणे ताटात पडत होते, टरफलं शेजारी.

"म्हणजे आवाज चांगला आला होता," काकू म्हणाल्या.

"हो."

"ते मला माहीत होतं."

काकांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"तुम्ही छत ठोकल्याशिवाय कुणाला पाऊल टाकू द्यायचा नाहीत. घरात सुद्धा नवीन खाटेवर मुलाला बसवायच्या आधी चारही पाय हलवून बघितले होतेत. तुमच्या हातून राहिलं असेल, असं माझ्या मनात एक दिवसही आलं नाही."

"मग," काका म्हणाले. सव्वीस वर्षं त्या 'मग'च्या पलीकडे उभी होती.

काकूंनी ताट मांडीवरून खाली ठेवलं.

"त्याची त्या दिवशी दुपारची पाळी होती."

काकांना ते आठवत होतं. पाळी बदलली होती. ते रोजचंच होतं. मुकादमाने बदलली असेल असं त्यांनी धरलं होतं आणि कधी विचारलं नव्हतं.

"मी बदलून घ्यायला लावली," काकू म्हणाल्या. "मला इथे एक फळी ठोकून हवी होती. तुम्हाला चार वेळा सांगून झालं होतं. मी त्याला म्हटलं, सकाळची पाळी घे, संध्याकाळी उजेड आहे तोवर येऊन लावून जा. तो नको म्हणत होता, सकाळी उठायचा त्याला कंटाळा. मी म्हटलं, बहिणीचं एवढं काम होत नाही का तुझ्याच्याने."

त्यांनी एक शेंग उचलली, फोडली नाही, तशीच धरून ठेवली.

"तुम्हाला कसं सांगणार होते? तुम्ही आधीच तसे झाला होता. आणि सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, तुझा काय दोष. तेवढं ऐकायची माझी तयारी नव्हती."

काका नेमकं तेच म्हणणार होते. शब्द ओठांवर आले होते, ते त्यांनी परत घेतले. त्यांच्या प्रश्नासाठी एक विषय होता, विभाग होता, मॅडम होत्या, आकृत्यांचं जाड पुस्तक होतं. बायकोने जे एवढी वर्षं पोटात ठेवलं त्याचं पुस्तक कुठल्या कपाटात असतं? ते झाड कुणावर पडणार हे साल सांगत नाही, वाळू सांगत नाही. दुपारच्या पाळीला तिथे दुसरा कुणी असता. किंवा कुणीच नसतं. हेही ते बोलले नाहीत.

बाहेर कुणाच्या तरी सायकलची घंटी वाजली आणि गेली. काकांनी वाकून चपला काढल्या, दाराबाहेर नेऊन ठेवल्या आणि परत आले. काकूंच्या समोर खाली बसायला त्यांना गुडघ्यांमुळे जरा वेळ लागला. त्यांनी ढिगातून मूठभर शेंगा स्वतःपुढे ओढल्या. दोघं सोलायला लागली. काकांचे दाणे ताटाबाहेर जात होते आणि काकू ते वेचून आत टाकत होत्या.

"फळी कुठे हवी होती?" काकांनी विचारलं.

काकूंनी मान वर केली. हा माणूस चेष्टा करतोय का, हे त्यांनी आधी नीट पाहून घेतलं. मग हनुवटीने शेगडीवरच्या भिंतीकडे खूण केली.

काका भिंतीचा आधार घेत उठले. तिथे जाऊन तळवा भिंतीला टेकवला आणि मागे वळून पाहिलं.

"इथे?"

"खाली."

त्यांनी हात खाली आणला.

"अजून खाली घ्या. तिथे माझा हात पोचायचा नाही." काकू डोळे पुसत होत्या, पण आवाज नेहमीचा होता. "त्याने वरच लावली असती, स्वतःच्या उंचीने. दोन दिवस भांडलो असतो आम्ही त्यावरून. लहानपणापासून तसाच होता तो, सांगितलेलं एक ऐकेल तर शपथ. एकदा काय झालं, शाळेला सुट्टी होती..."

काकांनी हात तिथेच ठेवला आणि ऐकत राहिले.